उपविष्ट कोणासनातील यत्न आणि शैथिल्य

पतंजलींनी योगसूत्रांत आसनाच्या विवेचनाला अवघी तीन सूत्रे दिली आहेत. आसन स्थिर आणि सुखावह असावे, इतकेच पहिल्यात सांगितले. ते प्रयत्नाच्या शैथिल्याने व अनंताच्या ठायी चित्त लीन झाल्याने सिद्ध होते, असे दुसऱ्यात म्हटले. आणि ते सिद्ध झाल्यावर शीतोष्णादी द्वंद्वे साधकाला बाधत नाहीत, हे फळ तिसऱ्यात कथन केले. यांपैकी दुसरे सूत्र विचारी वाचकाला अडवून धरते. यत्नावाचून ज्याचा आरंभच होत नाही, ते यत्न सैल केल्याने पूर्णत्वाला कसे जावे? या शंकेचा निकाल पोथीपेक्षा, दोन्ही पाय फाकून जमिनीवर बसलेल्या आणि पुढे वाकू पाहणाऱ्या माणसाच्या शरीरात अधिक लवकर लागतो, असे मला वाटते.

हे उपविष्ट कोणासन प्राचीन म्हणून मिरवण्याचे कारण नाही. व्यासभाष्यात पद्मासन, वीरासन, भद्रासन, स्वस्तिकासन, दंडासन आदी नावे येतात आणि हठप्रदीपिकेत पश्चिमतानासन येते. कोणासन मात्र या दोन्ही ठिकाणी नाही. मैसूरला कृष्णम्माचार्यांकडे शिकून १९३७ साली पुण्यास आलेल्या आणि पुढे आयुष्यभर पुण्याचेच होऊन राहिलेल्या बी. के. एस. अय्यंगारांनी १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्याचा विधी सविस्तर दिला, आणि तेथून ते जगभर गेले. पाय ताठ ठेवून शक्य तितके रुंद करावेत, पावले धरावीत, पाठ लांबवीत पुढे जावे आणि अखेरीस हनुवटी व छाती जमिनीला टेकवावी, असा तो विधी आहे.

वाचायला सोपा असलेला हा विधी करू जाता पहिली हरकत मांड्यांकडून येते. मांडीच्या मागचे स्नायू बैठकीच्या हाडांपासून निघून गुडघ्याच्या खाली पोचतात, आणि ते आखडलेले असले म्हणजे कमरेची हाडे (श्रोणी) पुढे कलू देत नाहीत. मग उतावळा साधक खुब्यांतून वाकण्याचे सोडून पाठीला कुबड काढतो, मस्तक खाली लोटतो आणि जमीन जवळ आली या समाधानात राहतो. त्याहून उतावळा असेल तो हिसके देतो. परंतु एकाएकी ताणला गेलेला स्नायू स्वसंरक्षणार्थ आपोआप आकुंचन पावतो, आणि तोच स्नायू सावकाश, मुदत देऊन ताणला तर हळूहळू सैल पडतो, हा शरीराचा धर्म आहे. जबरदस्तीचा अंमल तेथे चालत नाही. अष्टांगांच्या क्रमात आसनाच्या आधी यम येतात आणि यमांत अहिंसा सर्वप्रथम येते. ती केवळ परक्यासाठी सांगितलेली आहे आणि आपल्या जांघेवर मात्र आपणास वाटेल तसा अत्याचार करण्याची मुखत्यारी आहे, असे मानणाऱ्याने त्या क्रमाचा अर्थ लक्षात घेतलेला नाही.

येथे त्या दुसऱ्या सूत्राचा उलगडा होतो. शैथिल्य हे यत्न संपल्यावर मिळणारे विश्रांतीचे इनाम असावे, अशी सामान्य समजूत आहे. या आसनात ती टिकत नाही. मांड्या जमिनीवर दाबून धरल्या नाहीत, गुडघ्याच्या वाट्या व पायांची बोटे आकाशाकडे ठेवली नाहीत, तर पाय आत कलंडतात आणि आसनाचा पायाच ढासळतो. उलटपक्षी तोच जोर पोट, मान, जबडा आणि डोळे यांत शिरला, तर श्वास कोंडतो आणि वाकणे खुंटते. म्हणजे यत्न आणि शैथिल्य एकाच क्षणी, एकाच देहात, आपापली हद्द सांभाळून नांदावी लागतात. यत्नाला योग्य स्थानी कोंडून उरलेल्या सर्व प्रदेशातून त्याला माघारी बोलावणे, ही मला या सूत्राची खरी साधना वाटते. आळशाला तर तिचा गंधही नाही, कारण ज्याने यत्न केलाच नाही त्याच्यापाशी सैल करण्यासारखे काय असणार?

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्या अज्ञानाने पुष्कळ जण दुःखी होतात. खुब्याच्या सांध्याची खोबण प्रत्येकाची सारखी नसते. तिची खोली आणि दिशा जन्मतः भिन्न असतात. जेथे स्नायूची आडकाठी आहे तेथे वर्षांचा अभ्यास काम करतो. जेथे हाडावर हाड टेकते तेथे कोणाचाच अभ्यास काम करीत नाही. दैव आणि पुरुषकार यांचा जो वाद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तो या एका सांध्यात इतक्या मूर्त रूपाने उभा आहे की, समर्थांप्रमाणे यत्नाला देवाची योग्यता देणाऱ्यानेही आपल्या यत्नाची सीमा येथे नम्रपणे ओळखावी. ईश्वरप्रणिधान, म्हणजे फळ ईश्वरावर सोपवणे, पतंजलींनी क्रियायोगात तपाच्याच पंक्तीला बसवले आहे. छाती जमिनीला लागली नाही म्हणून ज्याचे चित्त खिन्न होते, त्याने तप केले असेल, प्रणिधान केलेले नाही. आणि अर्ध्या वाटेवर थांबून ज्याचा श्वास संथ राहिला, त्याचे आसन त्या सूत्रांच्या दृष्टीने पूर्ण आहे.

म्हणून या अभ्यासाला लागणाऱ्या वाचकाला माझी विनंती आहे की, त्याने बैठकीखाली घडी केलेली घोंगडी घ्यावी, पाठ ताठ राहील तेवढेच वाकावे, आवश्यक तर पुढे लोड ठेवून त्यावर कपाळ टेकवावे, आणि बैठकीच्या हाडापाशी किंवा गुडघ्याच्या आतल्या बाजूस तीव्र कळ उठताच निमूट मागे यावे.