चौकटीतले रिकामपण

बर्फाने झाकलेल्या शेतात कुंपणाचा एकच खांब. किंवा पांढऱ्या वाळूची एक चढण, तिच्या धारेवर सावलीची बारीक रेघ आणि वर नुसते आकाश. अमेरिकेतल्या कॅमेरा क्लबांच्या स्पर्धांमध्ये अशी छायाचित्रे हमखास दिसतात. ‘मिनिमलिस्ट’ हा तिथल्या हौशी मंडळींचा लाडका प्रकार आहे. आठवडाभर दवाखान्यात, शाळेत किंवा सॉफ्टवेअर कंपनीत राबणारी माणसे शनिवारी पहाटे गाडी काढतात आणि शक्य तितके कमी टिपून परततात. यात नवल नाही. नवल वाटते ते या चित्रांबद्दल बोलताना येणाऱ्या भाषेचे. ती तंत्राची राहत नाही, धर्माची होते: शून्य, मौन, ध्यान, झेन, त्याग. पाच-सहा लेन्स बाळगणाऱ्याने अपरिग्रहावर बोलावे यातली गंमत बाजूला ठेवू. प्रश्न गंभीरपणे घेण्याजोगा आहे. चौकटीतून वस्तू कमी केल्याने माणूस वैराग्याच्या जवळ जातो का? हा दावा सहसा ज्या रूपात केला जातो त्या रूपात तो टिकत नाही, असे मला वाटते. मात्र त्याचे दुसरे एक रूप आहे, आणि ते टिकते.

चित्रकारापुढे कोरा कागद असतो. त्याने हात आवरला की कागद रिकामाच राहतो. कॅमेऱ्याला ही सोय नाही. त्याच्यापुढे जग आधीच गच्च भरलेले असते. रिकामपण हवे असेल तर उभे राहण्याची जागा बदलावी लागते, विजेची तार, पार्किंगची पाटी, शेजाऱ्याचा ट्रायपॉड कडेबाहेर घालवावा लागतो. म्हणजे छायाचित्रातले रिकामपण त्या चौकटीचे असते, त्या जागेचे नसते. न्यू मेक्सिकोतले व्हाइट सँड्स घ्या. किमानवादी छायाचित्रकारांची ती पंढरीच. जिप्समच्या वाळूच्या या टेकड्या सुमारे २७५ चौरस मैलांवर पसरल्या आहेत. त्यांतला काही भाग राष्ट्रीय उद्यानात येतो आणि उरलेला लष्कराच्या क्षेपणास्त्र-चाचणी क्षेत्रात. चाचणी असली की उद्यानाकडे जाणारा रस्ताही बंद ठेवतात. त्याच लष्करी क्षेत्राच्या उत्तर टोकाला १६ जुलै १९४५ रोजी जगातला पहिला अणुबॉम्ब फुटला. आणि २०२१ मध्ये संशोधकांनी जाहीर केले की या उद्यानातल्या जुन्या तळ्याच्या गाळात माणसांच्या पावलांचे एकवीस ते तेवीस हजार वर्षांपूर्वीचे ठसे आहेत. त्यांतले बरेच मुलांचे आणि किशोरवयीनांचे. एक रेघ आणि आकाश एवढेच दाखवणाऱ्या चित्राखाली जेव्हा कुणी ‘शून्य’ असे लिहितो, तेव्हा अमेरिकेतल्या सर्वांत दाट इतिहास असलेल्या जागांपैकी एकीला त्याने ओसाड ठरवलेले असते. पश्चिमेकडची जमीन रिकामी आहे, ही समजूत त्या देशात पूर्वीही वापरली गेली होती, आणि ज्यांची ती जमीन होती त्यांना ती महागात पडली.

यावर वेदान्ताकडून एक उत्तर येऊ शकते. जे गाळले ते नामरूप होते, उपाधी होती. ती दूर केल्याशिवाय तत्त्व दिसणार कसे? ‘नेति नेति’ हेच तर सांगते. पण बृहदारण्यकातला याज्ञवल्क्य नाकारतो काय, हे नीट पाहिले पाहिजे. आत्म्याला लावले जाणारे एकेक वर्णन तो नाकारतो. गाई, घरे, माणसे जगात नाहीत असे तो म्हणत नाही; जनकाने आपल्या सभेतल्या वादासाठी पणाला लावलेल्या हजार गाई तर त्याने वाद सुरू होण्याआधीच शिष्याकरवी हाकवल्या होत्या. त्याचा नकार आपल्या दाव्याला आहे, वस्तूला नाही. मराठी वाचकाला याहून जवळचा आधार ‘अमृतानुभवा’त मिळतो. ज्ञानदेव तिथे शून्यवादालाही थारा देत नाहीत आणि जगाला अज्ञानाचे कार्य मानणेही मान्य करत नाहीत. त्यांच्या मते जे दिसते ते चैतन्याचेच स्फुरण आहे. हे मान्य केले तर कडेबाहेर ढकललेली विजेची तारही वाळूच्या रेघेइतकीच त्या स्फुरणात मोडते. तिला वगळण्याचा हक्क छायाचित्रकाराला आहे. तिला कमी लेखण्याचा नाही.

हा भेद तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत जितका आहे, तितकाच हौशी मंडळींच्या स्वतःच्या नियमावलीत आहे, आणि मला तो तिथे अधिक स्पष्ट दिसतो. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका ही १९३४ साली स्थापन झालेली संस्था. तिच्या निसर्गविभागाच्या स्पर्धांत चित्रातला कोणताही घटक काढणे, हलवणे, बदलणे किंवा नव्याने घालणे चालत नाही. अपवाद एकच, कडा कापण्याचा. चित्राच्या मध्यावर आलेली फांदी संगणकावर पुसली तर चित्र बाद होते. तीच फांदी कडेला असली आणि कड कापून टाकली, तर हरकत नाही. वरवर पाहता हा कायदेपंडितांचा खेळ वाटतो, कारण दोन्हीकडे फांदी गेलीच. पण कडा कापणारा एवढेच सांगतो की मी इथपर्यंत दाखवतो आहे, पुढे आणखी काही असेल. पुसणारा सांगतो की इथे काही नव्हतेच. पहिला आपल्या नजरेची मर्यादा कबूल करतो, दुसरा जगाबद्दल खोटी साक्ष देतो. त्यागाला जर काही अर्थ असेल तर तो पहिल्यात आहे.

त्यागाचा हा अर्थ केंटकीतल्या एका चष्मेवाल्याच्या कामात पाहायला मिळतो. राल्फ युजीन मीटयार्ड यांनी १९५० मध्ये आपल्या तान्ह्या मुलाचे फोटो काढण्यासाठी कॅमेरा घेतला, पुढे लेक्सिंग्टन कॅमेरा क्लबात गेले, १९५६ मध्ये एका कार्यशाळेत छायाचित्रकार मायनर व्हाइट यांच्यामार्फत झेनशी त्यांची ओळख झाली. पोटापाण्यासाठी ते शेवटपर्यंत चष्मेच करत राहिले आणि स्वतःला हौशीच म्हणवत. त्यांच्या ‘झेन ट्विग्ज’ मालिकेत एखादी काटकी तेवढी स्पष्ट असते, मागचे सगळे धूसर. पण ते धूसर पुसलेले नाही. तिथे रान आहे, उजेड आहे, फक्त त्याला नाव देता येत नाही. ‘नो-फोकस’ मालिकेत तर त्यांनी काटकीही स्पष्ट ठेवली नाही. लोकांना नीट दिसावे म्हणून दिवसभर भिंगे घासणाऱ्या माणसाने मुद्दाम अस्पष्ट चित्रे काढावीत, यात नुसती लहर नव्हती. वस्तू ओळखू आली की आपण पाहणे थांबवतो. ती ओळखच त्यांनी लांबवली. वर्षभराच्या फिल्म साठवून ते त्या एकदाच धुवत, असे त्यांचे स्नेही, लेखक गाय डॅव्हनपोर्ट यांनी नोंदवले आहे. फळाची घाई नसलेले कर्म आपल्याकडे गीतेच्या प्रवचनात ऐकायला मिळते. इथे ते डार्करूमच्या वेळापत्रकात उतरले आहे. चौकटीत किती वस्तू आहेत याच्याशी त्याचा काही संबंध नाही. मुखवटे घातलेल्या मुलांची मीटयार्डांची प्रसिद्ध चित्रे भरगच्च आहेत आणि तीही त्याच शिस्तीतून आली आहेत.

१९६७ च्या जानेवारीत डॅव्हनपोर्ट यांच्याबरोबर मीटयार्ड गेथसेमनीच्या मठात गेले आणि थॉमस मर्टन यांना भेटले. मर्टन हे ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथातले साधू. अलंकरणाला मज्जाव करणाऱ्या सिस्टर्शियन परंपरेतला हा पंथ. उघड्या भिंती आणि मौन त्यांच्या अंगवळणी पडलेले. १९६८ मध्ये लेखक-छायाचित्रकार जॉन हॉवर्ड ग्रिफिन यांनी मर्टनना एक कॅमेरा वापरायला दिला. मर्टननी टिपले काय, तर मुळे, खुर्च्या, कोठारांच्या फळ्या. फिल्म धुण्याचे काम ग्रिफिन यांच्याकडे होई, आणि त्यांना सरस वाटलेल्या चौकटी सोडून मर्टन भलत्याच चौकटी मोठ्या करायला सांगत. त्यांचे सर्वांत गाजलेले चित्र आकाशात लोंबणाऱ्या एका लोखंडी आकड्याचे आहे. आकड्याला काहीही अडकवलेले नाही. देवाचे उपलब्ध असलेले एकमेव छायाचित्र, अशी त्याची ओळख मर्टननी करून दिली. ही थट्टा आहे, आणि तिच्यात सगळे प्रमेय आहे. कॅमेऱ्याला रूप लागते, पृष्ठभाग लागतो, त्यावर पडलेला उजेड लागतो. निर्गुणाचे छायाचित्र निघूच शकत नाही. निघेल ते सगुणच. आकड्याला देव म्हणताच त्या विधानाचे हसू होते आणि आकडा आकडाच राहतो.

याच्या शेजारी छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांचे ढग ठेवून पाहावेत. १९२२ पासून त्यांनी ढगांची शेकडो चित्रे घेतली. पुष्कळांत जमीन नाही, क्षितिज नाही, वर कुठले आणि खाली कुठले हेही कळत नाही. १९२४ मध्ये बोस्टनच्या संग्रहालयाने त्यांची २७ छायाचित्रे स्वीकारली, त्यामागे तिथे काम करणारे कलेतिहासकार आनंद कुमारस्वामी होते. गाळण्याच्या बाबतीत स्टिग्लिट्झ मर्टनच्या पुष्कळ पुढे आहेत. पण या ढगांना ते आपल्या अंतःस्थितीचे समतुल्य मानत. त्यांनी क्षितिज काढले आणि त्या जागी स्वतःला आणून बसवले. चित्रे थोर आहेत, पण वैराग्य म्हणून ती पाहता येत नाहीत. वस्तू कमी होऊनही ‘मी’ वाढू शकतो, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

वारकरी परंपरेतून येणारा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. देव गर्दीत भेटतो, दिंडीत भेटतो. माणसाला हुसकावून काढलेल्या चौकटीत कसला धर्म? एकांताचे हे प्रेम मुळात माणसांचा कंटाळा तर नाही? काही जणांच्या बाबतीत तसे असेलही. पण ज्याच्या चित्रांत माणूस जवळजवळ नाही, त्या मर्टनचे चरित्र काही वेगळे सांगते. १८ मार्च १९५८ रोजी लुईव्हिल शहरात, फोर्थ आणि वॉलनट या रस्त्यांच्या चौकात, खरेदीला आलेल्या अनोळखी गर्दीत त्यांना एकाएकी जाणवले की ही सगळी माणसे आपली आहेत. साधू म्हणून आपण यांच्यापासून वेगळे, हा भ्रम होता. त्या चौकात आज तशी पाटी आहे. पुढे त्यांनी अणुयुद्धाविरुद्ध इतके लिहिले की १९६२ मध्ये पंथाच्या वरिष्ठांनी युद्धावरचे त्यांचे लेखन छापायला बंदी केली. खुर्चीकडे दावा न सांगता पाहणारी नजर आणि परक्याकडे तसेच पाहणारी नजर त्यांच्यात वेगळ्या नव्हत्या. दुसरा आक्षेप किरकोळ आहे: फोटो काढणे हाच संग्रह, मग अपरिग्रह कुठला? फोटो काढणे संग्रह आहेच. पण तुळशीची माळ घालणाराही माळ बाळगतोच.

तेव्हा चित्रात किती उरले हे मोजण्यापेक्षा उरलेल्यावर काय लादले हे पाहावे, आणि ते पाहण्याची सोपी जागा म्हणजे चित्राखालचे नाव. ‘एकांत’, ‘शून्य’, ‘शांती’ ही नावे चित्राने दाखवलेच नाही ते त्याच्या नावावर जमा करतात. मीटयार्ड यांच्या बहुतेक चित्रांना नाव नाही. वाळूच्या रेघेखाली ‘व्हाइट सँड्स, न्यू मेक्सिको’ आणि तारीख इतके लिहिले तरी पाहणाऱ्याला अणुबॉम्ब, पावलांचे ठसे आणि बंद होणारा रस्ता यांच्यापर्यंत जाण्याची वाट मोकळी राहते. स्पर्धेच्या अर्जात शीर्षकाचा रकाना असतो, ही अडचण खरी आहे. पण त्यात गावाचे नाव लिहायला कुणाची मनाई नाही.