अन्नाचा शोध आणि अन्नाचे ऋण

परक्या नगरात गेलेल्या मनुष्याला निवारा आणि जेवण या दोन गोष्टी शोधाव्या लागतात. निवाऱ्याचा प्रश्न एकदा सुटला की सुटतो. जेवणाचा प्रश्न मात्र दिवसातून दोनदा नव्याने उभा राहतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९८वे अधिवेशन दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये भरले. १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या दिल्लीच्या संमेलनानंतर एकाहत्तर वर्षांनी मराठी सारस्वतांचा मेळा पुन्हा राजधानीत जमला होता. अशा निमित्ताने महानगरात गेलेले रसिक सायंकाळी गल्लीबोळांत शिरतात, धड पाटीही नसलेल्या एखाद्या लहानशा भोजनगृहात जेवतात आणि परतल्यावर मोठ्या आनंदाने सांगतात, की आपण एका अप्रतिम जागेचा शोध लावला. हा आनंद खराच असतो. परंतु त्या वाक्यातील ‘शोध’ हा शब्द जरा तपासून पाहण्यासारखा आहे.

मराठीत शोध घेतला जातो, शोध लागतो आणि शोध लावलाही जातो. घेण्यात कष्ट आहेत, लागण्यात योग आहे आणि लावण्यात श्रेयाचा दावा आहे. पाहुणा शोध घेतो, योगायोगाने त्याला तो लागतो. बोलताना मात्र तो लावल्याची भाषा करतो. ती जागा इतके दिवस नेमकी कोणापासून दडलेली होती, हा प्रश्न मग मागे पडतो.

जुन्या दिल्लीत, जामा मशिदीच्या आसपास, निहारी पहाटे मिळते. रात्रभर मंद आचेवर शिजलेले हे मांस सूर्य वर येण्यापूर्वी वाढले जाऊ लागते आणि देग रिकामी झाली की त्या दिवसाचा व्यवहार संपतो. जवळच खारी बावलीत मसाल्यांची पोती वाहणाऱ्या पल्लेदारांसाठी, हातगाडीवाल्यांसाठी, कारखान्यांतील कारागिरांसाठी अशी कितीतरी अन्नस्थाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत. ज्यांना त्यांची गरज आहे, त्यांना ती डोळे मिटूनही सापडतात. ज्यांना गरज नव्हती, त्यांनाच ती दिसत नव्हती. तेव्हा येथे उणीव असलीच तर ती जागेच्या प्रसिद्धीत नसून पाहणाऱ्याच्या दृष्टीत आहे.

पाहुण्याला भावणारा साधेपणाही नीट पाहिला तर अडचणीतून आलेला असतो. एकाच भट्टीपुरती जागा असल्यामुळे पदार्थ दोन-चारच असतात. साठवणीची सोय नसल्यामुळे ते रोज ताजे होतात. नेहमीचा गिऱ्हाईक मोजून खर्च करणारा असल्यामुळे दर चढवता येत नाहीत आणि उद्या तोच पुन्हा येणार असल्यामुळे चवीत कसूर करता येत नाही. रसिक ज्याला अकृत्रिमता म्हणतो, तिच्या मुळाशी असा बिकट हिशेब असतो. तो हिशेब न पाहता केलेले कौतुक दुसऱ्याच्या टंचाईचेच कौतुक ठरण्याचा धोका आहे.

शिजवलेले अन्न विकावे की नाही, हा आपल्या परंपरेला पडलेला जुना प्रश्न आहे. मनुस्मृतीने ब्राह्मणाला आपत्काली वैश्यवृत्तीची मुभा देतानाही शिजवलेले अन्न विकण्यास मनाई केली. या निषेधाला वर्णव्यवस्थेचे बंधन आहे आणि ते आज कोणी मानण्याचे कारण नाही. पण अन्नाची पुरती किंमत पैशात होत नाही, अशी एक जाणीवही त्याच्या आड असावी. इतिहासाने मात्र असंख्य माणसांना हाच व्यवसाय करायला लावले. १९४७च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाब व सरहद्द प्रांतातून दिल्लीत आलेल्या निर्वासितांपैकी अनेकांनी तंदूर पेटवून संसार उभे केले. त्यांतूनच नावारूपास आलेल्या दर्यागंजच्या ‘मोती महल’च्या संस्थापकांच्या वारसांमध्ये बटर चिकन आणि दाल मखनी हे पदार्थ प्रथम कोणी केले, यावरून २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल झाला. परागंदा माणसांनी पोटासाठी शिजवलेले अन्न पुढे श्रेयाच्या वादाचा विषय व्हावे, यात ‘शोध लावणे’ या वाक्प्रचाराची सारी ओढ दिसून येते.

मराठी वाचकाला हे चित्र मुंबईच्या गिरणगावातून परिचित आहे. गावी बायकामुले ठेवून आलेल्या गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बाया वाण्याकडून उधारीवर शिधा आणत आणि सावकाराच्या व्याजात अडकत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या स्त्रियांना बँकेच्या कर्जाचा मार्ग खुला झाला. त्यांच्या रश्श्याच्या चवीवर कोणी लेख लिहून त्यांचे कर्ज फिटले नसते. त्यांच्याकडे जेवणाराही महिन्याच्या शेवटी पैसे देत असे. पण आजारपणात मिळालेली मऊ भाताची वाटी त्या पैशांत धरलेली नव्हती.

शोध आणि अदृश्यता यांचे नाते सर्वांत स्पष्टपणे दिसते ते दक्षिण दिल्लीतील हुमायूंपूर या नागर खेड्यात. येथील अरुंद गल्ल्यांत ईशान्य भारतातून आलेल्या तरुणांची वस्ती वाढली आणि त्यांच्यासाठी नागा, मणिपुरी, खासी पदार्थांची छोटी भोजनगृहे निघाली. २००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडील विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या एका पुस्तिकेत बांबूचे कोंब, अखुनी यांसारखे उग्र वासाचे पदार्थ शिजवताना शेजाऱ्यांना त्रास होऊ नये, अशी सूचना होती. अखुनी म्हणजे आंबवलेले सोयाबीन. नागा माणसाच्या घराचा तो वास. ज्या वासासाठी या मुलांना खिडक्या लावून घ्याव्या लागल्या, त्याच वासाच्या मागावर पुढे शहरातील रसिक हुमायूंपूरला येऊ लागले. हा बदल स्वागतार्ह आहे. तरीही थाळीतले अन्न आवडणे आणि ते शिजवणाऱ्याला शेजारी म्हणून स्वीकारणे, यांतले अंतर त्याने आपोआप मिटत नाही. त्याच तरुणाला घर भाड्याने देण्याची वेळ आली की या रसिकतेची खरी कसोटी लागते.

यापुढचा पेच अधिक अवघड आहे. सापडलेली जागा दुसऱ्यास सांगावी की सांगू नये? सांगितली तर गर्दी होते, मागाहून भाडी वाढतात आणि नेहमीचा जेवणारा बाहेर पडतो. हौज खास गावात १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून उंची दुकाने आणि मग उपाहारगृहे येत गेली, तेव्हा गावाचे रूपच पालटले. म्हणून काही रसिक मौनाचा पक्ष घेतात. पण हे मौन वाटते तितके निर्मळ नाही. जागा लहानच राहावी, या इच्छेत तिचा मालक गरीबच राहावा, ही इच्छा मिसळलेली असते. त्याला दुसरी भट्टी घ्यावयाची असेल, मुलीला महाविद्यालयात पाठवावयाचे असेल. त्याची वाढ रोखण्याचा अधिकार पाहुण्याच्या आवडीला कोणी दिला? उलट, त्याच्या भल्याच्या नावाखाली केलेला गाजावाजाही पुष्कळदा सांगणाऱ्याचाच मोठेपणा वाढवतो. दोन्ही पक्षांत मालकाला काय हवे, हे विचारण्याचे राहून जाते. आणि मालकाच्या होकारानेही प्रश्न पुरता सुटत नाही, कारण तेथे रोज जेवणाऱ्याचा त्या जागेवरील हक्क कोणत्याही करारात लिहिलेला नसतो.

या पेचाला नियमाने उत्तर देता येणार नाही. वृत्तीने काही अंशी देता येईल. ‘शोध’ हा शब्द ‘शुध्’ या धातूपासून आला आहे आणि शुद्ध करणे हा त्याचा मूळ अर्थ आहे. त्या अर्थाने पाहिले तर अशा भोजनगृहात शोधन व्हावयाचे ते पाहुण्याच्या दृष्टीचे. ज्याने श्रेय घेण्याऐवजी ऋण मानले, तो दराची घासाघीस करणार नाही. दुपारच्या ऐन वेळी, अर्ध्या तासाच्या सुटीत जेवायला आलेल्या मजुराची जागा अडवून बसणार नाही. आणि त्या जागेविषयी बोलताना ‘मला सापडली’ यापेक्षा ‘तेथे मला जेवायला मिळाले’ असे म्हणेल.

अशा ठिकाणी बहुधा एक लांब बाक असतो. नवखा मनुष्य दारात घुटमळताना दिसला, की आधीपासून जेवत असलेला कोणीतरी आपली थाळी उचलून थोडा सरकतो आणि पुन्हा जेवू लागतो. पाहुणा बसतो तो त्या मोकळ्या झालेल्या वीतभर जागेत.