खडा हातात घेण्याआधी

आज काही विकत घ्यायचं नाही. दुकानात जायचं नाही, फोनवर दर पाहायचे नाहीत. निवांत बसा. हात मांडीवर मोकळे सोडा आणि श्वास त्याच्या गतीनं चालू द्या. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हिरा आयुष्यात एकदा, फार तर दोनदा येतो. त्याच्यासाठी पैसे साठवायला वर्षं लागतात. त्याच्याविषयी शांतपणे विचार करायला अर्धा तास नक्की देता येईल.

आधी माणूस डोळ्यांसमोर आणा. हा हिरा कोण घालणार आहे? लेकीच्या साखरपुड्याची अंगठी असेल, आईच्या कानांतल्या कुड्या असतील, नाहीतर स्वतःच्या कमाईतून घेतलेली पहिली चमकी असेल. त्या माणसाचे हात आठवा. ते दिवसभर काय करतात? कणीक मळतात, की-बोर्डवर चालतात, की रुग्णांची नाडी पाहतात? दागिना रोज अंगावर राहणार आहे, की लग्नकार्यापुरता कपाटातून निघणार आहे? उत्तर सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. पुढची प्रत्येक निवड याच उत्तराला विचारून करायची आहे.

आता एक खडा मनासमोर ठेवा. गोल, अर्ध्या कॅरेटचा. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणजे हा खडा ०.१ ग्रॅमचा. रुंदी पाच मिलिमीटरच्या जरा वर, मसुराच्या दाण्याएवढी. एवढ्याशा वस्तूला इतके पैसे का, असं मनात येत असेल तर तो प्रश्न दाबू नका. बहुतेक हिरे जमिनीखाली दीडशे-दोनशे किलोमीटरांवर, प्रचंड दाबाखाली तयार झाले आणि ज्वालामुखीच्या उद्रेकांबरोबर वर आले. त्यांतले पुष्कळसे शंभर कोटी वर्षांहून जुने आहेत. हे मनात आणलं की आदर वाटतो, आणि तो वाटायलाच हवा. पण वय सगळ्याच खड्यांचं अफाट असतं, तरी एक खडा दुसऱ्याच्या कित्येक पट महाग असतो. किंमत ठरते ती खड्याखड्यांतल्या फरकांवर. म्हणून प्रत्येक फरकापाशी थांबून स्वतःला विचारायचं: हा फरक मला दिसतो का? आणि दिसत नसेल, तरीही मला तो हवा आहे का?

पहिला थांबा पैलूंपाशी. इथे सर्वांत जास्त वेळ घ्या, कारण हिऱ्याचं तेज माणसाच्या हातून घडतं. हिरा प्रकाशाला फार वाकवतो. त्याचा अपवर्तनांक २.४२ आहे, साध्या काचेचा साधारण १.५. पैलूंचे कोन जुळले असतील तर वरून आत गेलेला प्रकाश तळच्या पैलूंवर आपटून पुन्हा वरूनच बाहेर पडतो आणि आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. खडा जास्त खोल किंवा जास्त उथळ कापला असेल तर तोच प्रकाश बाजूनं किंवा तळातून निसटतो आणि मधला भाग मंद, काळपट दिसतो. गोल हिऱ्याच्या या कोनांचं गणित मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ साली मांडलं. आजचे ५७ किंवा ५८ पैलूंचे गोल हिरे त्याच वाटेनं घडत आले आहेत.

जगातल्या बहुसंख्य हिऱ्यांना सुरतेत पैलू पडतात. तिथल्या कारखान्यांत प्रत्येक कच्च्या खड्यापुढे एकच पेच असतो: वजन राखायचं की तेज? वजन राखलं तर खडा तराजूत जास्त भरतो आणि कॅरेटच्या हिशेबानं जास्त पैसे आणतो. तेज राखायचं तर घंटीवर, म्हणजे पैलू घासायच्या चाकावर, बसलेल्या रत्नकलाकाराला मोलाचा भाग घासून घालवावा लागतो. तुमच्यासमोर येणाऱ्या खड्याच्या बाबतीत हा निर्णय केव्हाच झालेला असतो. तो काय झाला, हे प्रमाणपत्रावरच्या ‘कट’ या ओळीवरून कळतं. गोल हिऱ्यासाठी जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेची श्रेणी ‘एक्सलंट’पासून ‘पुअर’पर्यंत उतरत जाते. इतर सगळीकडे हात आखडता घ्यावा लागला तरी इथे घेऊ नका. हा फरक दिसतो. खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसतो.

वजनाचा विचार करताना नाशिकचा हिरा आठवा. जगात तो ‘नासक’ नावानं ओळखला जातो. त्र्यंबकेश्वराच्या मंदिराशी त्याचं नाव जोडलेलं आहे. पेशवाई बुडाली तेव्हा, १८१८ साली, तो इंग्रजांच्या हाती गेला. लंडनमध्ये त्याला नव्यानं पैलू पाडले गेले, तेव्हाही त्याचं वजन ऐंशी कॅरेटच्या आसपास राहिलं होतं. १९४० साली अमेरिकेतले जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी तो घेतला, पुन्हा कापवला, आणि तो ४३.३८ कॅरेटचा झाला. आपल्या मातीतून गेलेल्या त्या खड्याची हळहळ वाटत असेल तर वाटू द्या. त्याबरोबर हेही लक्षात घ्या की या व्यापारात मुरलेल्या माणसानं घाट आणि निर्मळपणा यांसाठी जवळजवळ निम्मं वजन सोडून दिलं.

आता तुमच्या मनातला वजनाचा आकडा तपासा. अर्धा कॅरेट, एक कॅरेट अशा गोल आकड्यांवर कॅरेटमागचा दरच वर उडी घेतो. त्यामुळे एक कॅरेटच्या एका खड्याची किंमत अर्ध्या कॅरेटच्या तशाच दोन खड्यांपेक्षा बरीच जास्त असते. ०.९० आणि १.०० कॅरेटच्या गोल हिऱ्यांच्या रुंदीत मात्र फरक सुमारे ०.२ मिलिमीटरचा. बोटावर तो कुणालाही ओळखता येणार नाही. मग तो पूर्ण आकडा कुणाला सांगण्यासाठी हवा आहे? मनात जो चेहरा येईल, त्याच्याकडे प्रामाणिकपणे पाहा.

पुढे रंग. पांढऱ्या हिऱ्यांची प्रतवारी ‘डी’पासून ‘झेड’पर्यंत जाते. डी, ई, एफ रंगहीन, जी ते जे जवळजवळ रंगहीन, त्यापुढे पिवळसर छटा वाढत जाते. ही छटा ठरवणारे तज्ज्ञ खडा पांढऱ्या पार्श्वभूमीवर पालथा ठेवतात आणि ठरावीक प्रकाशात नमुन्याच्या खड्यांशी ताडून पाहतात. तुमचा हिरा मात्र कोंदणात बसणार आहे, उलथा नाही, आणि कदाचित पिवळ्या सोन्यात. पिवळ्या सोन्याची झाक हिऱ्यात उतरतेच, त्यामुळे तिथे ‘डी’साठी मोजलेले जादा पैसे बहुतेक वेळा दिसत नाहीत. प्लॅटिनम किंवा पांढऱ्या सोन्यात छटा अधिक जाणवते, तिथे थोडं वर जाणं रास्त आहे. दुकानातले दिवे प्रत्येक खड्याला चमकवतात. खडा खिडकीपाशी न्या, साध्या ट्यूबलाइटखाली धरा, हातावर ठेवून बघा. घरी तो असाच दिसणार आहे.

मग निर्मळपणा. इथे जरा रेंगाळू या. तज्ज्ञ दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली खडा पाहतात आणि ‘फ्लॉलेस’, ‘व्हीव्हीएस’, ‘व्हीएस’, ‘एसआय’, ‘आय’ अशा पायऱ्या लावतात. ‘व्हीएस’मधले डाग नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. ‘एसआय’मधले कधी दिसतात, कधी नाही, म्हणून असा प्रत्येक खडा स्वतः पाहावा लागतो. डाग नेमका कुठे आहे, हे विचारा. मधल्या सपाट पैलूखालचा काळा ठिपका सतत डोळ्यात येतो, काठाजवळचा कोंदणाखाली झाकला जातो. चीर काठापर्यंत आली असेल तर मात्र जपा. हिऱ्यावर ओरखडा हिराच उमटवू शकतो, हे खरं. पण नेमक्या दिशेनं फटका बसला तर हिरा दुभंगतो. ऐरणीवर घण सोसेल तोच खरा हिरा, हा समज मनातून काढून टाका. काम करणाऱ्या हातांची अंगठी असेल तर खडा बाहेर न डोकावणारं, बसकं कोंदण निवडा.

डागाकडे आणखी एका नजरेनं पाहता येतं. ब्राझीलमधल्या जुइना भागात सापडलेल्या, बाजारात फारसं मोल नसलेल्या एका तपकिरी हिऱ्यात संशोधकांना रिंगवुडाइट या खनिजाचा सूक्ष्म कण आढळला. २०१४ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. चारशे किलोमीटरहून खोल थरात खनिजांच्या रचनेत पाणी बांधलेलं आहे, याचा पुरावा त्या कणानं दिला. सराफ ज्याला दोष म्हणतो, तो हिऱ्यानं खोलातून आणलेला ऐवज असतो. डोळ्यांना न दिसणारा डाग असलेला हिरा घेताना मनाला हळहळ शिवू देऊ नका.

आता कागद. हिरा स्वतंत्र प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रासहच घ्या. १९३१ साली अमेरिकेत स्थापन झालेली जीआयए ही त्यांतली सर्वांत परिचित संस्था. प्रमाणपत्र गुण सांगतं, किंमत सांगत नाही. पुष्कळ खड्यांच्या कमरेवर, म्हणजे सर्वांत रुंद कडेवर, प्रमाणपत्राचा क्रमांक लेसरनं कोरलेला असतो. भिंग मागा आणि तो जुळवून पाहा. यात संकोच कसला? चोख पेढीवर भिंग आनंदानं पुढे केलं जातं.

हिरा खाणीतला हवा की प्रयोगशाळेत वाढवलेला, हेही आजच ठरवा. दोन्ही कार्बनच, दोन्ही तितकेच कठीण, आणि यंत्राविना जवाहिऱ्यालाही ते वेगळे सांगता येत नाहीत. उत्पादन वाढत गेलं तसे प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांचे दर गेल्या काही वर्षांत झपाट्यानं उतरले. तेज आणि आकार हवा असेल तर तो हिरा पूर्ण समाधान देईल. अब्जावधी वर्षांचा प्रवास हवा असेल तर खाणीतला घ्या. कोणतीही निवड करा, पण एकाची किंमत दुसऱ्यासाठी मोजू नका. हिरा कोणता, ते बिलावर स्पष्ट लिहून घ्या.

शेवटी पैसा. सोन्याचा भाव रोज वर्तमानपत्रात येतो, हिऱ्याला असा एक भाव नसतो. विकायला गेलात तर घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी परत येत नाहीत, आणि खड्याचे पैसेही सहसा घेतले त्यापेक्षा बरेच कमी मिळतात. म्हणून अडीनडीसाठीची पुंजी हिऱ्यात गुंतवू नका. बिलावर सोन्याचं निव्वळ वजन, हिऱ्याचं कॅरेटमधलं वजन, कॅरेटचा दर आणि घडणावळ वेगवेगळी मांडून घ्या. खडे सोन्यात तोलले जाता कामा नयेत. दागिना परत घेतील का, रोख देतील की फक्त बदलून देतील, किती टक्के कापतील, हेही लेखी घ्या.

एक वही घ्या आणि तीन ओळी लिहा. पहिल्या ओळीत, एका पैशानंही न ओलांडायची रक्कम. दुसऱ्या ओळीत, तुमच्या डोळ्यांना दिसणारे आणि म्हणून हवेच असलेले गुण. तिसऱ्या ओळीत, ज्यांच्यासाठी जादा पैसे मोजायचे नाहीत अशा गोष्टी. ही वही घेऊन दुकानात जा. या ओळींत न बसणारा एखादा देखणा खडा समोर येईल आणि मन ओढ घेईल. ओळी बदलाव्याशा वाटल्या तर जरूर बदला, पण घरी येऊन, एक रात्र मध्ये जाऊ देऊन. काउंटरसमोर उभं राहून बदलू नका.