प्रतिबंधकाचा अभाव

सर्व कारणसामग्री हजर असताना कार्य का घडू नये, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी अग्नी आणि मणी यांच्या दृष्टान्ताने चर्चिला आहे. विशिष्ट मणी सन्निध असला की अग्नी जाळीत नाही, आणि तो हलविताच पूर्ववत जाळू लागतो. त्यावरून मीमांसकांनी अग्नीच्या ठायी, त्याच्या दृश्य स्वरूपाहून निराळी अशी 'शक्ती' मानली, जी मण्याने नष्ट होते व त्याच्या अपसरणाने पुन्हा उपजते. तर उदयनादी नैयायिकांनी हा वाढीव पदार्थ नामंजूर करून, प्रतिबंधकाचा अभाव हाही कारणसामग्रीचाच एक घटक होय, असा निवाडा दिला. असा मणी कोणी पाहिला आहे काय, असे विचारणाऱ्या संशयी वाचकाला मी अमेरिकेत घरच्या घरी रायफलीची काडतुसे भरणाऱ्या हौशी मंडळींकडे पाठवीन.

काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या बुडाशी, खळगीत, प्रायमर नावाची इवलीशी टोपी बसविलेली असते. मोठ्या रायफलीच्या टोपीचा व्यास सुमारे ०.२१ इंच. तिच्यात आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा थर आणि एक चिमुकली ऐरण असते. फायरिंग पिनेच्या प्रहाराने रसायन ऐरणीवर चिरडले जाते आणि ज्वाला छिद्रातून दारूपर्यंत पोचते. आघाताने बार पेटविण्याच्या या युक्तीची पहिली सनद १८०७ साली अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश पाद्र्याने मिळविली, कारण चकमकीच्या भडक्याने पाणपक्षी गोळी पोचण्याआधीच सावध होत. रविवारच्या प्रवचनात तो या पक्ष्यांविषयी काय सांगत असे, हे जाणून घ्यायला मला आवडले असते.

आता चाप ओढला, पिन आदळली, टोपीवर खळगाही उमटला, तरी बार उडाला नाही. येथे जाणता मनुष्य प्रथम काही करीतच नाही. नळी निर्धोक दिशेला धरून तो निदान अर्धा मिनिट थांबतो, कारण कार्य विलंबानेही घडू शकते आणि अभावाचा निर्णय घाईने देणाऱ्याच्या हातात काडतूस फुटू शकते. त्यानंतर पुष्कळदा असे दिसते की तेच काडतूस दुसऱ्या प्रहाराने उडते. मीमांसक म्हणेल, गेलेली शक्ती परतली. वस्तुस्थिती अशी की टोपी खळगीच्या तळापर्यंत, म्हणजे बुडाच्या पातळीखाली इंचाचे तीन ते पाच सहस्रांश, रेटलीच गेली नव्हती. ऐरणीचे पाय अधांतरी होते, आणि पहिल्या प्रहाराचे बळ टोपीला तळाशी बसविण्यातच खर्ची पडले. ज्याला आपण निष्फळ प्रहार म्हणून खारीज केले, त्याने प्रतिबंधक दूर केला होता, म्हणजे दुसऱ्याच्या यशात तो कारण म्हणून दाखल आहे. यशाची सगळी जमा शेवटच्या कृत्याच्या खाती मांडणाऱ्या आपल्या हिशेबाबद्दल मला येथे शंका येते.

इतर प्रतिबंधकही आहेत: साच्यात पुंगळीचा खांदा गरजेहून मागे दाबला जाणे, ज्यामुळे काडतूस पुढे सरकून प्रहार दुबळा होतो, बोल्टमधील थंडीने घट्ट झालेले वंगण, थकलेली स्प्रिंग, तेलाने बाधलेले रसायन. त्यांचा छडा अन्वय-व्यतिरेकानेच लागतो. कारखान्याची काडतुसे त्याच रायफलीतून बिनचूक उडाली, तर रायफल सहसा निर्दोष सुटते, आणि संशय भरणाऱ्याच्या मेजाकडे वळतो. पण फिर्यादी असलेल्या त्या भरणाऱ्याला हे रुचत नाही. तो पावसाळी हवेचे नाव घेतो, टोप्यांच्या छापाला दोष देतो, म्हणजे घट घडताना दारी उभे असलेल्या कुंभाराच्या गाढवाला कारणांच्या यादीत ओढतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगताना दैव पाचवे ठेवले आहे. हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो: अधिष्ठान, कर्ता, करण आणि चेष्टा यांची झडती पुरी झाल्यावाचून पाचव्याला पाचारण करण्याचा अधिकार कोणासही नाही. क्वचित एखाद्या टोपीत कारखान्यातूनच रसायन भरावयाचे राहून गेलेले असते, आणि तेव्हा नेमबाज खुशाल दैव म्हणतो. परंतु तेथेही कोठल्या तरी यंत्राचे वा हाताचे काम चुकलेले असते, फक्त ते त्याच्या मेजापासून फार दूर असते.