आधी वायर, मग थप्पड

बिघडलेल्या वस्तूला थप्पड मारावी की नाही, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत सापडत नाही. घराघरांतून मात्र त्याचा निकाल केव्हाच लागलेला आहे: मारावी. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि ज्या घरी टीव्ही आला त्या घरी एक थप्पडतज्ज्ञही तयार झाला. डब्याच्या कुशीत एक ठेवून दिली की आतला एखादा ढिला जोड क्षणभर टेकायचा, चित्र ठरायचं आणि तज्ज्ञ ऐटीत चहा मागायचा.

आमचे थोरले मेहुणे याच घराण्यातले. ते दिंडोशीला आमच्याकडे आले असताना कॉम्प्युटरचा पडदा एकाएकी निळाहिरवा झाला. पडद्यावरची माणसं आठवडाभर पाण्यात भिजत घातल्यासारखी दिसू लागली. "मॉनिटर गेला!" म्हणून मेहुण्यांनी हात उगारला.

आता, दिवाणी आणि सत्र न्यायालय आमच्या दिंडोशीतही भरतं. तिथे आरोपीला वकील मिळतो, तारीख मिळते, तारखेवर तारीख मिळते. मॉनिटरला साधी नोटीसही नाही! शेवटी चिरंजीवांनी वकीलपत्र घेतलं. "मामा, थांबा. या जुन्या केबलमधून लाल, हिरवा, निळा असे तीन रंग तीन वेगळ्या तारांनी येतात. लाल आलाच नाही, तर हा बिचारा दाखवणार काय?" त्याने केबल उपसली. पडद्यावर स्वच्छ पांढरी अक्षरं उमटली: 'नो सिग्नल'. पांढऱ्यात लालही असतो, म्हणजे आरोपी निर्दोष! केबलची एक पिन वाकली होती. चिमट्याने सरळ केली, माणसं कोरडी झाली.

मला आठवला तो मेहुण्यांचाच धाकटा. फळ्यावरची गणितं चुकीची उतरवतो म्हणून वर्षभर शाळेत उभा राहिला, घरी कान पिळून घेतले. मग कुणीतरी डोळे तपासले. चष्मा लागला, गणितं सुटली. पण मधल्या काळात चिकटलेलं 'ढ' हे नाव काही चष्म्याने पुसलं गेलं नाही. दाखवणाऱ्याला मारणं सोपं, कारण तो समोर असतो. वायर मागे, टेबलाखालच्या धुळीत असते. तिच्यापर्यंत जायचं तर गुडघे टेकावे लागतात.

तुम्ही म्हणाल, कचेरीच्या खिडकीतला कारकूनही हेच सांगतो, "वरून आलं ते दाखवलं, साहेब." मग त्यालाही सोडायचं? नाही बुवा! मॉनिटरला मागे वळून विचारता येत नाही. कारकुनाला मान आहे, ती वळते.

बाकी एका बाबतीत मॉनिटर आपल्याहून सज्जन. मागून काही येईनासं झालं की तसं सरळ लिहून दाखवतो आणि मुकाट डोळे मिटतो. मागून काहीही येत नसताना तासन्‌तास रंगीत चित्र दाखवणारी माणसं आपल्यात किती, ते मी एकदा मोजायला घेतलं. थोरल्या मेहुण्यांपाशी आलो आणि मोजणी थांबवली. सौ. समोरच बसली होती.