मोडलेला नेम

दिवसांतून दोनच वेळां जेवावें, हा नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं पुढें घरोघरीं पोहोंचविला. हुडकेश्वरच्या एखाद्या गृहस्थाकडून लग्नाच्या पंगतींत तो नेम मोडला, तर दुसऱ्या दिवशीं त्यानें काय करावें? कोणी प्रायश्चित्त म्हणून कडकडीत उपास करतो. कोणी नेमच सोडून देतो. पहिला नेमाला सावकार समजतो, दुसरा मातीचें मडकें. शिक्षेच्या उपासानें भूक खवळून पुन्हा अतिरेक घडतो. मधुमेहाचें औषध घेणाऱ्याची तर साखर एकाएकीं उतरण्याचें भय असतें. सोडणारा मात्र एका जेवणापायीं पुढचे सारे दिवस गमावतो. एक एकादशी चुकली म्हणून वारकरी पुढची टाळीत नाहीं. आमच्या मतें, दुसऱ्या दिवशीं नेहमींच्या वेळीं, नेहमींइतकेंच जेवावें. नेमाची खरी परीक्षा तो मोडल्यानंतरच्या दिवशीं होते.