खांदेरीचा दिवा

आमचे सावनेर कोलारकाठचे. निरूपणात भवसागर शेकडो वेळा तरून गेलो, पण खऱ्या खाऱ्या पाण्यात पाय घातला तो साठी उलटल्यावर! अलिबागकडे कीर्तनास गेलो असता थळच्या कोळी मंडळींनी होडीत बसवून आम्हांस खांदेरीस नेले.

सन १६७९ मध्ये शिवछत्रपतींनी हे बेट बांधावयास घेतले, तेव्हा मुंबईकर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही आडवे आले. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी ते राखले. पुढे इंग्रजी अमलात, १८६७ साली, त्याच बेटावर दीपगृह उभे राहिले. जेथून तोफ गलबतांस अडवी, तेथूनच दिवा त्यांस सांभाळू लागला. मग गलबत कोणाचे का असेना.

रात्री थळच्या वाळूत बसून तो दिवा लुकलुकताना पाहिला. आम्ही सहज म्हणालो, "कसा बोलावतो आहे पाहा!" तांडेल हसला. "बुवा, तो बोलावत नाही. खडक आहे, लांबून जा, असं सांगतो."

सज्जनहो, पाठशाळेत आम्ही देहलीदीपन्याय घोकला होता. उंबऱ्यावरचा दिवा घर आणि अंगण दोन्ही उजळतो. हा दिवा निराळाच. जहाज त्याच्याकडे आले नाही, यातच त्याचे साफल्य! कोणी म्हणेल, दिवा जड आहे, त्याला मान-अपमान कुठला? खरे आहे. त्याला काही सोडावे लागत नाही, आम्हांला लागते. ऐकणारा आमच्यापाशी राहावा म्हणून आम्ही सांगतो, की तो सुखरूप पंढरीस पोचावा म्हणून?

आमच्यामागे बारा वर्षे टाळ धरणारा एक मुलगा होता. एका आषाढीस तो दुसऱ्या दिंडीतून गेला. त्याने वारी चुकवली नाही, माळ काढली नाही; सोडले ते फक्त आम्हांला. तरी आम्ही बोलणे टाकले. पुढे वाळवंटात तो समोर येऊन पाया पडला. आपणही वाकावे, ही आपली रीत. आम्ही तोंड फिरवून चालते झालो. आणि त्याच रात्री अभेदावर दोन तास निरूपण केले!

घरी आल्यावर त्याला पत्र लिहायला बसलो. 'येत्या एकादशीस सावनेरला ये' असे लिहून झाले होते. ते खोडले, आणि 'तुझ्या गावी आम्हीच येतो' असे लिहिले.